आठ किलोमीटरवरचा नवरा

अर्काडी दर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास यायचा. सीमेच्या नाक्यावर ट्रकांची रांग असली तर सात व्हायचे. सात वर्षांत तो चारदा आला नव्हता: दोनदा त्याच्या आईच्या आजारपणामुळे, एकदा गाडीमुळे, आणि एकदा आमचं भांडण झालं होतं म्हणून.

तो स्वेतोगोर्स्कला कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन आहे आणि मी इमात्रात शाळेच्या स्वयंपाकघरात. त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत आठ किलोमीटर, पण मध्येच रशिया संपतो आणि फिनलंड सुरू होतो. तो येताना खारवलेल्या अळंब्यांची बरणी आणायचा, जाताना कॉफी आणि चीज न्यायचा. आमच्या इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, माझी पाळी शुक्रवारी सात ते आठ. तो उशिरा आला की मला राग यायचा तो त्या वाया गेलेल्या तासाचा. रविवारी जेवून तो परत जायचा.

लग्नाचं आम्ही बोललोही नव्हतो. माझं एकदा होऊन मोडलं होतं, त्याचंही. माझी बहीण मेर्वी तेवढी अधूनमधून टोचायची, “काय गं हेल्का, सात वर्षं झाली, माणूस अजून चाचणीवरच का?” मी म्हणायचे, “दोन दिवस बरा असतो. सातही दिवस बरा असेल याची काय खात्री?”

मार्च दोन हजार वीसमधल्या एका गुरुवारी त्याचा फोन आला.

“उद्या येणं व्हायचं न्हाई. नाका बंद झालाय.”

अर्काडीला फिनिश येते ती त्याच्या आजीकडून, ती सीमेलगतच्या करेलियातली. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली भाषा. दुकानात तो बोलायला लागला की आमच्याकडच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसतात.

“किती दिवस?” मी विचारलं.

“दोन आठवडं म्हंत्यात.”

दोन आठवड्यांचा एप्रिल झाला, एप्रिलचा जून. शाळा बंद होती, पण मुलांची जेवणं आम्ही डब्यात भरून वाटत होतो. दिवसभर वाटाण्याचं सूप भरायचं आणि संध्याकाळी फोनवर त्याचं तोंड बघायचं. फोनच्या पडद्यावर त्याचं कपाळच दिसायचं. कितीदा सांगितलं, फोन खाली धर.

जूनमध्ये बातमी आली की जवळच्या नातेवाइकांना सोडताहेत. मी आमच्या सीमा कार्यालयात फोन केला. पंचावन्न मिनिटं रांगेत थांबल्यावर एक बाई बोलली, “आमची काही हरकत नाही. तुमचं नातं जुनं आहे असं तुम्ही लिहून द्या. पण तुमच्या माणसाला तिकडून सोडायला हवं.”

मी लिहून दिलं. सोबत आमचे फोटो जोडले. अर्काडीनं सात वर्षांच्या शिक्क्यांनी भरलेले दोन पासपोर्ट घेतले आणि तो नाक्यावर गेला. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं नीट पाहिलं, फोटोसुद्धा एकेक करून पाहिले, आणि विचारलं, “ही बाई तुमची कोण?”

अर्काडी म्हणाला, “माझी हेल्का.”

“ते नातं नाही,” अधिकारी म्हणाला.

हे त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हातातलं फडकं भिंतीवर फेकलं. मग उचललं, पुन्हा फेकलं.

त्या रविवारी मी सायकल काढली आणि सीमेच्या बाजूला निघाले. सीमापट्टा जिथून सुरू होतो तिथं पिवळी पाटी आहे, त्यापुढे परवान्याशिवाय जाता येत नाही. मी पाटीपाशी थांबून अर्काडीला फोन लावला. तो त्यांच्या बाजूच्या टेकडीवर चढला होता.

“दिसतंय का काही?” मी विचारलं.

“झाडं.”

“मलाही झाडंच.”

तेवढ्यात गिरणीतून वाफ सोडल्याचा मोठा आवाज झाला. आधी फोनमधून आला, आणि मग काही सेकंदांनी तोच आवाज जंगलावरून माझ्या दुसऱ्या कानात. इतका तो जवळ होता. नकळत मी पाटी ओलांडून वीसेक पावलं पुढे गेले असेन. मागून गाडी थांबली. सीमारक्षक दलाची एक बाई उतरली. मास्कच्या वरचे डोळे ओळखीचे वाटले.

“मावशी, तुम्ही? शाळेच्या स्वयंपाकघरातल्या ना? मागं व्हा, मावशी. इथं परवाना लागतो.”

“तुला मी सहा वर्षं जेवू घातलंय,” मी म्हणाले.

“म्हणून तर नुसतं मागं व्हा म्हणतेय.”

मी मागं झाले. फोन चालूच होता. अर्काडीनं सगळं ऐकलं होतं. मी घरी पोचल्यावर तो म्हणाला, “मग टाकू की करून लगीन.”

“ही मागणी घालतोयस का?”

“मागणी कसली? कागुद पायजे म्हंत्यात, तर कागुद करू.”

मला रडू यायला हवं होतं बहुतेक. मी म्हणाले, “कुठं करणार? तू इकडे येऊ शकत नाहीस, मी तिकडे येऊ शकत नाही. म्हणून तर लग्न करायचं.”

शोधाशोध केल्यावर एकच देश सापडला जिथं आम्हा दोघांनाही विमानानं जाता येत होतं आणि परक्या माणसांची लग्नंही लागत होती. तुर्कस्तान. आठ किलोमीटरवरच्या माणसाशी लग्न करायला मी तीन हजार किलोमीटर जाणार हे ऐकून मेर्वी इतकी हसली की तिला खोकला लागला. त्या दिवसांत खोकला लागला की लोक घाबरायचे, म्हणून ती बाल्कनीत जाऊन खोकली.

माझे कागद तीन आठवड्यांत झाले. लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला, जन्माचा दाखला, घटस्फोटाचा दाखला, प्रत्येकावर शिक्का आणि शिक्क्यावर शिक्का. अर्काडी त्याच्या गावच्या नोंदणी कचेरीत गेला, आणि त्या संध्याकाळी फोनवर त्याचं कपाळसुद्धा नीट दिसेना.

“हेल्का, रागवू नगंस.”

“काय झालं?”

“म्या लगीन झालेला हाय.”

मला वाटलं, आजीची भाषा गडबडली असेल. “होतास,” मी म्हणाले. “लग्न झालेला होतास.”

“न्हाई. हाय.”

प्रकरण असं होतं. लारिसा आणि तो चौऱ्याण्णव साली कोर्टात वेगळे झाले. तेव्हाचा कायदा असा की कोर्टाचा निकाल नोंदणी कचेरीत नेऊन नोंदवायचा, तोवर घटस्फोट पुरा होत नाही. लारिसानं नोंदवला असेल असं त्याला वाटलं. त्यानं नोंदवला असेल असं लारिसाला वाटलं. सव्वीस वर्षं दोघंही निवांत होती.

“म्हणजे मी सात वर्षं दुसरीच्या नवऱ्याला सौना तापवून देतेय?”

“मला म्हायती न्हवतं गं.”

“तुला कधी काय माहीत असतं!”

मी फोन बंद केला आणि दोन दिवस उचलला नाही. उचलून करणार काय, आणि न उचलून तरी काय? चिडायलासुद्धा माणूस समोर लागतो.

निकालाची प्रत पेत्रोझावोद्स्कच्या कोर्टाच्या दफ्तरात होती आणि दफ्तर साथीमुळे बंद. दुसरी प्रत असलीच तर लारिसाकडे. अर्काडी तिला फोन करायला कचरत होता, म्हणून मीच म्हटलं, मलाही जोड, मलाही ऐकायचंय. मला रशियन तोडकंमोडकंच येतं, पण लारिसाचं हसणं कळायला भाषा लागली नाही. ती सुरुवातीला बराच वेळ हसली. मग म्हणाली, “अर्काशा, म्हणजे मी अजून तुझी बायको? मग गेल्या सव्वीस वर्षांत बल्ब बदलायला कुणी यायचं होतं रे?”

“लारिसा, चेष्टा पुरे. कागद आहे का?”

“बघते. तुझ्याशी संबंधित सगळं मी वरच्या फळीवर टाकलंय. शिडी लागेल.” आणि मग मला म्हणाली, हळू, शब्द सुटे करून, “बाई, याला घेऊन जा. वाईट नाही. फक्त मोकळ्या वेळात घरातल्या तारा उपसतो.”

कागद सापडला. तिनं तो ओळखीच्या रेल्वेवालीच्या हाती पाठवला, अर्काडीनं तो नेऊन नोंदवला, आणि अशा रीतीनं तीस जुलैला त्याचा घटस्फोट झाला. लारिसानं मला निरोप पाठवला: मी पण सुटले, अभिनंदन दोघींचं.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही तुर्कस्तानात, अंतालियाच्या विमानतळावर भेटलो. सहा महिन्यांनी. मी मनात बरंच काही ठरवलं होतं. प्रत्यक्षात तो मास्क लावून उभा होता, बारीक झाला होता, आणि त्यानं आधी माझी बॅग हातातून घेतली, मग बॅग खाली ठेवून मला धरलं. माझा चष्मा वाफेनं भरून गेला. बराच वेळ मला तो दिसलाच नाही.

आम्ही किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात उतरलो होतो. तिथं नेस्लिहान नावाची दुभाषी आम्हाला मदत करत होती, चाळिशीची, भराभर चालणारी. तिनं आम्हाला आधी दवाखान्यात नेलं, कारण लग्नाला रक्ततपासणी लागते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही नगरपालिकेच्या लग्नाच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं माझे कागद पसरले आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

माझं आडनाव पॅक्कोनेन. आमच्या लिपीत त्यावर तीन ठिकाणी ठिपक्यांची जोडी येते. पासपोर्टावर ठिपके होते. तुर्की भाषांतरात ठिपके नव्हते. आणि पासपोर्टाच्या तळाशी यंत्रासाठी जी ओळ असते तिच्यात ठिपक्यांच्या जागी जादा अक्षरं होती.

“तो म्हणतो, ह्या तीन बायका आहेत,” नेस्लिहान म्हणाली.

“मी एकटीच आहे,” मी म्हणाले.

“मी सांगितलं त्याला. तो म्हणतो, मग वकिलातीकडून तसं पत्र आणा.”

वकिलातीत भेट मिळाली सोमवारची. माझं परतीचं विमान रविवारचं होतं. मी शाळेतल्या आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “हेल्का, शाळा नुकती सुरू झालीये, दोघी आजारी आहेत आणि तू समुद्रावर?” मी समुद्राकडे पाठ करून उभी होते. तसं सांगून काही उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो. बाहेर लोक पोहत होते, आमच्या खोलीत दारं लावून आम्ही भांडत होतो. सुरुवात ठिपक्यांवरून झाली.

“भाषांतर तपासायचं काम तुझं व्हतं,” तो म्हणाला.

“माझं? आणि तू सव्वीस वर्षं लग्न मोडायचं विसरलास ते कुणाचं काम होतं?”

“ते काढू नगंस आता.”

“काढणार! जुलैमध्येच निघालो असतो आपण. तुझ्या त्या एका कागदापायी अख्खा उन्हाळा गेला.”

“तुला करायचंच न्हवतं लगीन. मेर्वीला सांगितलंस की तसं. म्या ऐकलंय.”

“नव्हतंच करायचं! अजूनही नाही करायचं! मला तू शुक्रवारी सहा वाजता दारात हवा होतास, बस्स. त्यासाठी ह्या लोकांना माझं रक्त कशाला लागतं?”

तो पलंगाच्या कडेवर बसला. बसून बसून त्यानं उशाजवळच्या दिव्याचं बटण काढायला सुरुवात केली. ते खरंच सैल होतं. मी बघत राहिले. लारिसानं सांगितलेलं आठवून मला हसूही येईना, इतकी मी वैतागले होते.

“म्या बी थकलोय, हेल्का,” तो बटणाकडे बघत म्हणाला. “नाक्यावरल्या त्या माणसानं इचारलं ना, ही कोण तुमची, तवापास्नं मला रोज वाटतंय की खरंच कोण? त्याला सांगाया माझ्यापाशी शब्दच न्हवता. सात वर्षं येऊन जाऊन.”

मी बाल्कनीत जाऊन बसले. थोड्या वेळानं तो टोमॅटो आणि पाव घेऊन आला, आणि आम्ही तिथंच बसून खाल्लं.

सोमवारी पत्र मिळालं: तिन्ही बायका एकच. मंगळवारी अकरा वाजता लग्न. साक्षीदार दोन लागतात हे नेस्लिहाननं आम्हाला सांगितलं तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. आमच्यानंतर ज्यांची पाळी होती त्या जोडप्यालाच तिनं उभं केलं. पांढऱ्या पोशाखातली एकवीस-बावीस वर्षांची नवरी माझी साक्षीदार झाली. मी निळा स्कर्ट घातला होता, कारण बरा कपडा मी गुरुवारीच कचेरीत घालून गेले होते आणि तो घामानं खराब झाला होता.

लाल झग्यातल्या अधिकाऱ्यानं प्रश्न विचारला. मोठ्यानं ‘एवेत’, म्हणजे ‘हो’, म्हणायचं हे आम्ही पाठ केलं होतं. मी म्हटलं. अर्काडी एकदम सगळं विसरला. समोरच्या सगळ्या मास्ककडे बघत त्यानं आजीच्या भाषेत जोरात सांगितलं, “व्हय!”

अधिकाऱ्यानं नेस्लिहानकडे पाहिलं. ती म्हणाली, तेच आहे. सही झाली. चार मिनिटं लागली असतील. पांढऱ्या पोशाखातली पोरगी माझ्याजवळ येऊन खुणा करायला लागली, नेस्लिहाननं सांगितलं की इथं नवरीनं नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा असतो, म्हणजे घरात तिचं चालतं. मी दिला. सहा महिन्यांचा राग होता, जरा जोरात दिला गेला. अर्काडी ओरडला तेव्हा मागच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानतळावर वेगवेगळ्या दारांनी गेलो, तो सेंट पीटर्सबर्गला, मी हेलसिंकीला. नवराबायको झाल्यावर केलेली पहिली गोष्ट ही.

मला वाटलं होतं, आता आठवड्याभरात येईल. सप्टेंबर संपला. आमच्या नोंदणीला पाच आठवडे लागले. तिकडं विवाहाचा दाखला चालेना, त्याचं रशियन भाषांतर हवं, भाषांतरावर नोटरी हवा. ते झालं तोवर अर्काडीचा व्हिसा संपला होता. नव्या व्हिसासाठी सेंट पीटर्सबर्ग, भेटीची वेळ नोव्हेंबर अखेर. मी रोज कामावर जाऊन बटाटे सोलायचे, आणि सोलताना मनातल्या मनात कुणाकुणाला तरी पत्रं लिहायचे. शेवटी शेवटी मला कुणी “अभिनंदन” म्हटलं की मी “कशाबद्दल?” असं विचारायला लागले, आणि लोक गप्प व्हायचे.

तीन डिसेंबरला, दुपारी दोन वाजता, कुठल्याशा गुरुवारी, तो आला. एक महिन्याची रजा घेऊन. आल्या आल्या आम्ही दोघं चौदा दिवस घरात बंद, तसा नियम होता. मी सुट्टी घेतली. इमारतीचा सौनाही आम्हाला बंद.

दोन दिवसांचा माणूस मला माहीत होता. तिसऱ्या दिवसापासून मला तो माहीत नव्हता. सकाळी पाचला उठतो. चहा ढवळताना चमचा कपावर आपटत राहतो. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या घरातली सगळी बटणं काढून टेबलावर मांडली. मी संडासात अंधारात बसले होते.

“अर्काडी! दिवा!”

“थांब जरा. तार जुनी हाय. हितं मरशील एक दिस.”

“दोन दिवस यायचास तेव्हा नाही कधी दिसली तुला तार!”

“दोन दिसांत काय काय बघू? तुला बघायचो.”

दाराआडून तो हे इतक्या साधेपणानं बोलला की मी अंधारात तशीच बसून राहिले.

आठव्या दिवशी मेर्वीनं बेल वाजवली आणि लगेच अर्धा जिना खाली पळाली. दाराशी किराण्याच्या पिशव्या होत्या आणि वर मलईचा केक, त्यावर लाल अक्षरांत आमची नावं. तिनं जिन्यातून आरोळी दिली, “नवरदेव, चाचणी संपली रे तुझी!” शेजारच्या म्हाताऱ्यांनी दार उघडून बघितलं.

आम्ही खिडकीपाशी उभ्यानंच केक खाल्ला, कारण टेबलावर अजून बटणं होती. बाहेर बर्फ पडत होता आणि साडेतीनलाच अंधारलं होतं. माझ्या कपाळावरची आठी बघून अर्काडीनं विचारलं, “आता कुणावर चिडलीयास?”

मी विचार केला. नाक्यावरचा माणूस त्याचं काम करत होता. कारकून त्याचं. फोनवरच्या सगळ्या बायकांनी मला शांतपणे, बरोबर माहिती दिली होती. माझ्यावर कुणीच ओरडलं नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“मग खा आदी.”

दोन जानेवारीला तो परत गेला. मार्चमध्ये आला, पुन्हा चौदा दिवस बंद, पुढचे पाच दिवस मोकळे. मग मे महिन्यात. मी कॅलेंडरवर खुणा करणं सोडून दिलंय. मेर्वी म्हणते, त्यानं नोकरी सोडून इकडेच यावं. तो म्हणतो, आई आहे, आणि साठीला दोन वर्षं उरलीत. मी अजून काही म्हटलेलं नाही. त्याच्या इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज मात्र मागवून ठेवलाय. अठरा पानांचा आहे. काल रात्री पहिली तीन भरली, आणि चौथ्या पानावर माझ्या त्या ठिपक्यांच्या आडनावापाशी येऊन पेन ठेवून दिलं.